मामंजींना मामंजीच म्हणणारी यमू

गेल्या गणेशोत्सवातल्या एकांकिकेत आम्ही एक सून लिहिली. ती सासऱ्यांना तोंडावर सुनावते, सासरे मान खाली घालतात आणि पडदा पडतो. टाळ्या बऱ्या पडल्या. पण पहिल्या रांगेतल्या एका आजींनी नंतर विचारले, "छान रे, पण ही नक्की कुणाची सून?" आम्ही इंदुरातले सरकारी नोकर, बांधकामाचे पदविकाधारक, मोजमापे लिहिण्यात जन्म चाललेला. इथे माप चुकले हे लगेच कळले. मग हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ पुन्हा काढून बसलो.

मराठीत त्याआधी कादंबऱ्या होत्या. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. विषय विधवांच्या दुःखाचा, पण माणसे एकमेकांशी कमी आणि वाचकाला उपदेश म्हणून जास्त बोलतात. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांचा थाट अद्भुताचा. तिथे प्रेम आहे, विरह आहे. पण माजघर फारसे दिसत नाही.

हरिभाऊ १८६४ चे. आई लहानपणीच गेली; वाढले ते चुलत्यांच्या, म्हणजे पुण्याचा आनंदाश्रम स्थापणाऱ्या महादेव चिमणाजी आपट्यांच्या, एकत्र कुटुंबात. अशा घरात कोण कुणासमोर बोलतो आणि कोण आल्यावर गप्प होतो, हे पोराला आपोआप कळते. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. त्यावर पुण्यात रान उठले होते, पण सभा गाजवणारे बहुतेक पुरुषच. इकडे यमू आपल्या घरातली हकिगत स्वतःच्या तोंडाने सांगत होती.

तिचे नाते एकाच रंगाचे नाही. दादाशी ती मोकळी आहे, दुर्गीशी मैत्रिणीसारखी हळवी. नवरा रघुनाथराव तिला लिहायला-वाचायला शिकवतो. मुंबईच्या बिऱ्हाडी वडीलधाऱ्यांची नजर नाही, म्हणून तिथे नवरा-बायको एकमेकांचे सोबती होतात. नुसत्या प्रेमाने नव्हे, जागा बदलल्याने. (बदलीच्या गावी संसार मांडलेल्यांना हे वेगळे सांगायला नको!)

आणि शंकरमामंजी. रघुनाथराव गेल्यावर यमूचे बळजबरीने केशवपन होते, त्यामागे हेच गृहस्थ. तरी सांगताना ती त्यांना ‘शंकरमामंजी’च म्हणते. आम्ही इथेच अडखळलो. राग आहे, किळस आहे, पण आदराचे संबोधन गळून पडत नाही. ते जन्मभर अंगवळणी पाडलेले असते. आमच्या सुनेच्या तोंडी भाषण होते. हे ओझे नव्हते.

यंदा एकांकिका नव्याने लिहिली आहे. सून आवाज चढवत नाही. ‘बाबा’ म्हणत चहा पुढे करते आणि कपाटाच्या किल्ल्या मागते. संहिता त्या आजींकडे दिली आहे. अजून परत आलेली नाही.