गव्हातील गुल्लीदंडा

हरितक्रांतीचा इतिहास सांगताना आपण बियाणे, कालवे आणि खते यांची नावे घेतो. गुल्लीदंड्याचे नाव कोणी घेत नाही. पंजाब-हरियाणातील हे तण कोवळेपणी इतके गव्हासारखे दिसते, की जाणत्या निंदणाऱ्याचाही हात चुकावा. पुढे आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक आले आणि शेतकरी निर्धास्त झाला. भातामागून गहू, गव्हामागून भात. दरसाल तेच पीक, तेच औषध. दुबळी रोपे मेली, चिवट तेवढी उरली, आणि त्यांचेच बी शेतात पडत गेले. १९९० नंतरच्या दोन-चार वर्षांत हरियाणात फवारणी निष्फळ ठरू लागली. काहींना उभा गहू वैरणीसाठी कापावा लागला.

श्रोतेहो, याच काळात हिसारच्या शास्त्रज्ञांना ऊस, कापूस, सूर्यफूल किंवा बरसीम घास यांचा फेर असलेल्या शेतांत हा प्रतिकार फारच कमी आढळला. बरसीम तर हंगामात अनेकदा कापतात. तण बी धरण्यापूर्वीच गव्हाणीत जाते आणि दुधाच्या रूपाने पैसा देते. मग सारे तिकडे का वळले नाहीत? गहू-भाताला हमीभाव होता, सरकारी खरेदीची शाश्वती होती; बरसीमाला ती कोण देणार? १९९७-९८ च्या सुमारास नवी तणनाशके आली. कालांतराने गुल्लीदंड्याने तीही पचविली.