पिंपळीचे योगवाहित्व

सोबतच्या औषधाचा प्रभाव वाढवणाऱ्या द्रव्याला आयुर्वेदात योगवाही म्हणतात. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळीचा असा उल्लेख आहे. सुंठ, मिरी व पिंपळी यांचे त्रिकटू असंख्य पाठांत आढळते. ते निव्वळ दीपन-पाचनासाठी नसावे, अशी शंका जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सी. के. अटल यांनी घेतली आणि मिरी-पिंपळीतील पायपरीन या अल्कलॉइडाकडे लक्ष वेधले.

पायपरीनची सर्वांत गाजलेली चाचणी बंगळूरची, १९९८ मधली. निरोगी स्वयंसेवकांना हळदीतील कुर्क्युमीन २ ग्रॅम दिले, तेव्हा रक्तात ते जवळपास सापडलेच नाही. सोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर त्याची जैवउपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढली. उंदरांत मात्र १५४ टक्केच. मूळ पातळीच नगण्य असल्याने पहिल्या आकड्याने भारावण्याचे कारण नाही, जाहिरातींत तो कितीही झळकला तरी. पायपरीनमुळे आतडे व यकृतातील विकरे मंदावतात आणि औषध निकामी होऊन बाहेर पडण्याचा वेग घटतो. इतर औषधांची रक्तातील पातळीही त्यामुळे नको तितकी चढू शकते. पिंपळीचे अतिसेवन टाळावे, असे चरकसंहिता योगवाहित्वाच्या उल्लेखाच्याच अध्यायात बजावते. कारणमीमांसा अर्थात दोषांच्या भाषेत. बंगळूरसारख्या मोजणीतून द्रव्य रक्तात किती पोचले एवढेच कळते. रोग बरा होतो का, यासाठी रुग्णांवरील वेगळ्या चाचण्या लागतात.