लहान विमानांचे संरक्षक लेप

विमानाच्या कवचाचे ओलावा, क्षार आणि अतिनील किरण यांपासून रक्षण करणारे थर. कवच कशाचे आहे आणि विमान कोणत्या हवेत उभे राहते, हे पाहून त्यांची निवड करतात.

स्थानिक संदर्भ : उल्हासनगर (पूर्वीची कल्याण छावणी) व अंबरनाथ यांच्या शेजारी नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी बांधली गेली. अंबरनाथला डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. 1953 साली मुंबईच्या नौदल गोदीत सुरू झालेली ही संस्था नौदलासाठी रंगलेप व गंजरोधन यांवर संशोधन करते. जहाजाचे जाड लेप मात्र विमानाला चालत नाहीत. विमानात रंगाचेही वजन मोजावे लागते.

पत्र्याची विमाने : कवचासाठी बहुधा 2024 हा तांबेयुक्त ॲल्युमिनियम मिश्रधातू वापरतात. तांब्याने तो बळकट होतो, पण लवकर गंजतोही. म्हणून अनेक पत्र्यांवर कारखान्यातच शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. घासताना तो निघता कामा नये. साफ केलेल्या पत्र्यावर पाणी ओतून पाहतात. ते सलग पसरले तर पत्रा तयार. थेंब जमले तर तेलकटपणा शिल्लक आहे. मग रासायनिक प्रक्रिया, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि शेवटी पॉलियुरेथेन. इपॉक्सी पत्र्याला घट्ट धरते, पण उन्हात भुकटते. पॉलियुरेथेन ऊन सोसते. तयारी कच्ची राहिली, तर कोकणच्या दमट हवेत रिवेटभोवती रंगाखाली गंजाच्या अळीसारख्या बारीक रेषा सरकू लागतात. त्यावर नवा रंग मारणे म्हणजे दुखणे झाकणे. रंग काढून पत्रा साफ करावाच लागतो.

इतर कवचे : ‘पुष्पक’ (पहिले उड्डाण 1958) यांसारख्या कापडी विमानांवर डोप नावाचा लेप लावतात. त्याने कापड ताणले जाते; त्यातली ॲल्युमिनियमची पूड ऊन अडवते. तंतुमिश्र कवच तापून नरम पडू नये म्हणून त्याला बहुधा पांढरा रंग देतात.

दक्षता : निर्मात्याच्या देखभाल पुस्तिकेत मान्य असलेलाच लेप वापरावा. रंगकामाआधी हवेचा दाब मोजणारी छिद्रे झाकावीत आणि नंतर ती आठवणीने उघडावीत. सुकाणूवर रंगाचे वजन वाढले, तर वेगात घातक फडफड सुरू होऊ शकते. म्हणून त्याचा तोल पुन्हा तपासावा. रासायनिक प्रक्रियेत व प्रायमरमध्ये असू शकणारे क्रोमेट कर्करोगकारक आहे आणि पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. त्यामुळे फवारणी करणाऱ्या कामगाराला शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा देणे हा लेपाच्या निवडीचाच भाग मानला पाहिजे.