जुम्मा दरवाज्याची बखर

नागपूरच्या गांधीबागेत दुकानांची शटरं वर गेली की कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या हातगाड्यांतून वाट काढावी लागते. तशी ती काढत महालाकडे गेलं की गांधी गेट लागतं. याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा.

24 डिसेंबर 1817 ला इंग्रज सेनापती डव्हटनच्या फौजेने या दरवाज्यावर हल्ला चढवला आणि मार खाऊन ती मागे फिरली. आत भोसल्यांच्या चाकरीतले अरब होते. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले आठवडाभर आधीच इंग्रजांच्या स्वाधीन झाले होते. धन्याने हत्यार टाकलं तरी चाकरांनी टाकलं नाही. शेवटी अटी ठरवूनच ते शहराबाहेर पडले.

हे सगळं आपल्याला कळतं ते मात्र समोरच्या बाजूच्या लेखणीतून. इंग्रजांच्या मद्रास फौजेतल्या ब्लॅकरने या इंग्रज-मराठा युद्धाचा ग्रंथ 1821 मध्ये छापला, ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 मध्ये आला. डफ स्वतः याच युद्धातल्या खडकीच्या लढाईत होता. त्याने कागदपत्रं कष्टाने जमवली, हे त्याचं मोठेपण मान्य केलंच पाहिजे. पण लढलेल्या माणसाला स्वतःच्या फळीतलं जेवढं दिसतं, तेवढं समोरच्या तटाआडचं दिसत नाही. त्याच्या ग्रंथाचं मराठी भाषांतर ‘बखर’ म्हणून वाचलं गेलं आणि 1860 च्या दशकात नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने तिच्यातल्या चुका निर्भीडपणे दाखवल्या.

जिंकणाऱ्या बाजूचेही सगळे कुठे लिहीत होते? महिनाभर आधी, 26 आणि 27 नोव्हेंबरला, भोसल्यांच्या फौजेविरुद्ध नागपूरची सीताबर्डी टेकडी लढवणाऱ्यांत 24 व्या मद्रास पलटणीचे देशी शिपाई होते. ही मुळातली पहिली पलटण. 1806 मध्ये वेल्लोरला नव्या पगडीवरून बंड झालं, त्यात सामील झाली म्हणून तिचा नंबर गेला होता. सीताबर्डीनंतर या शिपायांनी बक्षीस मागितलं ते एकच: आमचा जुना नंबर आणि जुन्या गणवेशाचा रंग परत द्या. सरकारने तो दिला. अकरा वर्षं मनात धरलेला सल त्या एका मागणीत आहे. अधिकाऱ्यांच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा शिपायाचं मन तिथे जास्त उघडं होतं.

पुढे मराठी सैनिकाने स्वतः लेखणी धरली. 1962 च्या चीन युद्धातल्या पराभवावर श्याम चव्हाण यांनी लिहिलेल्या ‘वालाँग’ला ‘एका युद्धकैद्याची बखर’ असं उपशीर्षक आहे. हरलेल्या, कैदेत पडलेल्या सैनिकाची ही बखर त्याच्याच मायबोलीत आहे. जुम्मा दरवाज्यातल्या अरबांपैकी एखाद्याने असं काही लिहिलं असतं, तर 24 डिसेंबरचा तो दिवस दरवाज्याच्या आतून कसा दिसला हेही नागपूरला वाचता आलं असतं.