लौरेओलसचा वधस्तंभ : गुन्ह्याची करमणूक आणि मंडळीचा इतिहास

इ. स. ४१ च्या जानेवारी महिन्यात रोमन सम्राट कॅलिगुला याचा खून झाला, त्या दिवशी राजधानीतील रंगमंचावर 'लौरेओलस' नावाचे एक हलकेफुलके नाटक झाले होते. लौरेओलस हा दरोडेखोरांचा नायक. लूटमार, पलायन, पाठलाग अशा घटना रंगवून अखेरीस त्याला वधस्तंभावर खिळलेला दाखवीत. त्या दिवशी दुय्यम नटांनीही आपले कसब दाखविण्याच्या भरात इतके रक्त ओकून दाखविले की रंगमंच रक्ताने भरून गेला, असे सुएटोनियस सांगतो. योसेफसनेही ह्या कृत्रिम रक्ताचा उल्लेख केला आहे. प्रभू येशूच्या मरणाला त्या वेळी पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती.

पुढे ३९ वर्षांनी, सन ८० मध्ये, सम्राट टायटसने आज कलोसियम ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भव्य क्रीडागृहाचे उद्घाटन केले व शंभर दिवस खेळ चालविले. ह्या खेळांचे वर्णन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मार्शल कवीच्या लहानशा संग्रहात लौरेओलस पुन्हा भेटतो. पण आता रक्त कृत्रिम नाही. देहान्ताची शिक्षा झालेल्या एका कैद्याला ती भूमिका देण्यात आली, त्याला खऱ्या वधस्तंभावर टांगले आणि त्याच्या अंगावर कॅलिडोनियाचे, म्हणजे आजच्या स्कॉटलंडचे, अस्वल सोडले. ह्या वर्णनातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या माणसाचा गुन्हा कोणता हे कवीला ठाऊकच नाही. बापाचा किंवा धन्याचा गळा चिरला असेल, देवळातले सोने चोरले असेल, नाहीतर रोमला आग लावू पाहिली असेल, असे दोन-चार तर्क करून तो समाधानाने पुढे जातो. तो माणूस गुन्हेगार आहे एवढे कळले की प्रेक्षकाची टोचणी संपते. मग जे उरते ते केवळ पाहणे.

'क्रूस' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेदीवरचे किंवा गळ्यातले चिन्ह येते. मराठी शास्त्राच्या भाषांतरकारांनी योजिलेल्या 'वधस्तंभ' ह्या शब्दात मात्र वध झाकला जात नाही. पहिल्या शतकातील रोमकराला हा स्तंभ शिक्षा म्हणून ठाऊक होता, तसाच नाटकातील एक रंजक शेवट म्हणूनही ठाऊक होता. म्हणून गुन्ह्याच्या करमणुकीचा प्रश्न मंडळीपुढे अलीकडे आला असे म्हणता येत नाही. तिचा प्रभू ज्या मरणाने मेला, त्याच मरणाचा तमाशा तिच्या जन्मकाळीच मांडलेला होता.

खुनाच्या कादंबऱ्या व गुन्हेगारी मालिका विश्वासणाऱ्याने वाचाव्यात-पाहाव्यात काय, असा प्रश्न तरुण संघात आणि दृढीकरणाच्या वर्गात विचारला जातो. बहुधा फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील आठव्या वचनाकडे बोट दाखवून तो मिटविण्यात येतो. वचनाचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु ते असे अक्षरशः लावावयाचे तर शास्ते ह्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय किंवा दाविदाने घडवून आणलेला उरीयाचा घात आपणांस वाचताच येणार नाही. प्रारंभीच्या मंडळीने हा प्रश्न अधिक खोल जाऊन हाताळला होता. काय दाखविले जाते, याइतकीच तिला चिंता होती ती पाहणारा कोठे बसला आहे याची.

कार्थेज येथे सन २०३ मध्ये पर्पेतुआ, फेलिसिटी व त्यांचे सोबती श्वापदांपुढे टाकले गेले. त्या रक्तसाक्ष्यांच्या वृत्तान्तात क्रीडागृहाच्या दारातील एक प्रसंग आहे. पुरुषांनी शनिदेवाच्या पुजाऱ्यांचा व स्त्रियांनी सेरेस देवीच्या सेविकांचा वेष चढवावा, असा अधिकाऱ्यांचा आग्रह होता. लौरेओलसचीच ही पद्धत : मरणाऱ्याला पात्र बनवावयाचे, म्हणजे पाहणाऱ्याला माणूस दिसत नाही. पर्पेतुआने निक्षून नकार दिला आणि आश्चर्य असे की तो मान्य झाला. मरण तिने नाकारले नाही, पण कोणाच्या नाटकातील पात्र होणे नाकारले. अखेरचा घाव बाजूला न घालता मध्यभागी घालावा, म्हणजे आपल्या डोळ्यांनाही त्या वधात भाग घेता येईल, अशी जमावाची मागणी होती, असे वृत्तान्तकार लिहितो. डोळ्यांचाही हातभार लागतो हे त्याने ओळखले होते.

त्याच नगरात, त्याच सुमारास टर्टुलियनने खेळतमाशांविषयी आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. शास्त्रात खेळ पाहण्यास स्पष्ट मनाई कोठे आहे, असे विचारणारे ख्रिस्ती तेव्हाही होते, ही गोष्ट आजच्या पाळकांना धीर देणारी वाटावी. त्याने त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाच्या थाटामाटाचा केलेला त्याग आठवून दिला आणि पहिल्या स्तोत्राचा आधार घेतला. पण त्याचे सर्वांत मोलाचे प्रतिपादन ह्याहून वेगळे आहे. अपराध्याला शिक्षा होणे योग्यच, हे तो मान्य करतो. मात्र निर्दोष माणसाला त्या शिक्षेत आनंद कसा वाटेल, असे विचारतो. आपल्यासारखाच एक माणूस इतका अपराधी व्हावा की त्याची अशी दशा करावी लागावी, याचा निर्दोषाने शोक करावयास हवा. मार्शलने ज्या माणसाचा गुन्हादेखील विचारला नव्हता, त्याला टर्टुलियनने पाहणाऱ्याच्या बरोबरीला आणून उभे केले.

आणि मग ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात तो स्वतःच घसरतो. ख्रिस्ती माणसाला पाहावयाचा खरा मोठा खेळ म्हणजे शेवटचा न्याय, असे म्हणून राजे, तत्त्वज्ञ, कवी व नट अग्नीत कसे होरपळतील याचे तो चवीने वर्णन करतो, आणि कशाला हसू व कशाने हर्ष मानू असे स्वतःलाच विचारतो. गिबनने ह्या उताऱ्यावरून ख्रिस्ती धर्माला टोमणे मारले, ते वाईट वाटले तरी खोडून काढता येत नाहीत. क्रीडागृह ओस पाडावयास निघालेल्या माणसाने ते आपल्या कल्पनेत पुन्हा भरविले. पहिल्या रांगेतील आसन मात्र स्वतःसाठी राखले.

ऑगस्टिनने ह्या आसनाचे जे परीक्षण केले, तसे मला अन्यत्र आढळलेले नाही. त्याचा मित्र अलिपियस रोममध्ये कायद्याचा अभ्यास करीत असता मित्रांनी त्याला ओढून ग्लॅडिएटरांच्या खेळाला नेले. देह नेलात तरी मन नेता येणार नाही, असे बजावून त्याने डोळे गच्च मिटून घेतले. कान मात्र मिटता येत नाहीत. एक योद्धा पडला, जमावाचा गजर उठला, कुतूहलाने त्याने डोळे उघडले, आणि तो पडलेल्या योद्ध्याहूनही दुर्दैवी रीतीने पडला. पुढे तोच इतरांना तेथे घेऊन जाऊ लागला. स्वतःच्या बळावरील भरवसा त्याला नडला, असे ऑगस्टिनचे निदान आहे. असल्या खेळांचा आपल्यावर परिणाम होत नाही, हे वाक्य आपणही पुष्कळदा ऐकतो. त्याच ग्रंथात, कार्थेजच्या नाट्यगृहात कल्पित दुःखांवर आपण अश्रू कसे ढाळीत होतो हे सांगताना तो एक भेद करतो : ज्याला खरी दया आहे त्याला शोक करण्याजोगे काही घडूच नये असे वाटते, नाटकाच्या प्रेक्षकाला मात्र ते घडावयासच हवे असते.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. कॉन्स्टंटाइनने सन ३२५ मध्ये रक्तमय खेळांविरुद्ध आज्ञा काढली, पण स्वतःच्याच कारकिर्दीच्या उत्तरार्धात इटलीतील एका नगराला ग्लॅडिएटरांच्या खेळाची परवानगी दिली. टेलेमॅकस नावाचा पूर्वेकडील संन्यासी आखाड्यात उतरून लढणाऱ्यांमध्ये पडला व चिडलेल्या प्रेक्षकांच्या दगडांनी मेला, त्यानंतर सम्राट होनोरियसने ते खेळ बंद केले, असे थिओडोरेट सांगतो. श्वापदांचे खेळ मात्र सहाव्या शतकातही चालू होते.

ह्यापुढे आपल्याच घरात पाहणे भाग आहे. गोव्यात १५६० पासून, मधला थोडा खंड वगळता, १८१२ पर्यंत इन्क्विझिशनचे न्यायासन होते. डेलॉन नावाचा फ्रेंच वैद्य त्याच्या कैदेत होता. १६७६ च्या जानेवारीत झालेल्या शिक्षासमारंभात त्याला मिरविण्यात आले आणि १६८७ मध्ये त्याने आपली हकीकत प्रसिद्ध केली. पहाटे कॅथेड्रलची मोठी घंटा वाजवून लोकांना बोलावण्यात आले. कैदी अनवाणी चालत होते. ज्यांना जाळावयाचे होते त्यांच्या अंगात झगे चढविले होते, आणि त्यांवर ज्वाला, भुते व त्यांत सापडलेल्या त्या माणसाचे स्वतःचेच चित्र रंगविलेले होते. पर्पेतुआने जो वेष नाकारला, तो चौदा शतकांनंतर मंडळीनेच दुसऱ्यांना घातला. त्याच गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले होते. त्यात प्रभूचे दुःखसहन मराठी ओवीत आहे, आणि ते ऐकणाऱ्या भाविकाला त्या वधस्तंभाशी आपल्या पापाचाही संबंध आढळतो. एकाच भूमीवर, एकाच शतकात, वेदना पाहण्याच्या ह्या दोन रीती एकमेकींजवळ नांदत होत्या.

आधुनिक गुन्हेकथेकडे ह्या दृष्टीने पाहिले तर तिला सरसकट बाद करण्याचे कारण मला दिसत नाही. जी. के. चेस्टरटन यांचा फादर ब्राउन १९११ साली पुस्तकरूपाने वाचकांपुढे आला. तो त्यांना सुचला यॉर्कशायरमधील फादर ओकॉनर ह्या धर्मगुरूंवरून. दुष्टपणाच्या तळाची ह्या साध्या माणसाला असलेली माहिती पाहून चेस्टरटन थक्क झाले होते. असल्या मठवासी लोकांना जगातील पापाची काय कल्पना, असे त्याच दिवशी दोन विद्यार्थी बोलताना त्यांनी ऐकले, आणि ह्या विसंगतीतून ते पात्र जन्मले. १९२७ सालच्या 'द सीक्रेट ऑफ फादर ब्राउन' ह्या संग्रहात हा धर्मगुरू आपली रीत उघड करतो. गुन्हेगाराला बाहेरून न निरखता, तो खून आपल्या हातून कसा घडला असता हे तो आतून पाहतो, आणि असे करताना स्वतःला वेगळे मानण्याचा अधिकार गमावतो. टर्टुलियनने एकोणिसाव्या अध्यायात सांगितले व तिसाव्यात विसरले, तेच येथे रहस्यकथेच्या रूपाने परत आले आहे.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी व गोव्याच्या गुरुनाथ नाईकांनी प्रत्येकी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयांतून त्या हातोहात जात, आणि आपल्या पाळकांपैकी पुष्कळांनी बालपणी त्या लपवून वाचल्या असतील. त्यांत बुद्धीचा खेळ व साहस होते, खलनायक बहुधा कागदी होता. त्यांनी कोणाचे आत्मिक नुकसान केले असे मला तरी वाटत नाही. दूरचित्रवाणीवरील 'क्राइम पेट्रोल'सारखा, २००३ साली सुरू झालेला, घडलेल्या गुन्ह्यांचे नाट्यीकरण करणारा कार्यक्रम निराळ्या जातीचा आहे. तो सावधगिरी शिकवितो हा दावा सर्वस्वी खोटा नाही. परंतु तेथे मेलेली मुलगी खरी असते. नटीने तिची भूमिका केलेली असते, नाव बदललेले असते, आणि तिच्या आईच्या हंबरड्याला पार्श्वसंगीत दिलेले असते. सन ४१ चे खोटे रक्त आणि सन ८० चे खरे रक्त येथे एकत्र मिसळते.

अशा कुटुंबातील कोणी आपल्या मंडळीतही असू शकते. रविवारी ती आई बाकावर बसलेली असते, आणि आदल्या रात्री तिच्यासारखीच हकीकत जेवताना पाहिलेले लोक तिच्या शेजारी प्रभुभोजन घेत असतात. वर्गात हा प्रश्न निघेल तेव्हा धर्मशिक्षकाने मनाईची यादी देण्याऐवजी काल पाहिलेल्या भागातील मृत व्यक्तीचे नाव विचारून पाहावे. खुन्याचे नाव मुलांना बहुधा आठवते.