अझ्टेक आणि माया : दंतकथेकडून इतिहासाकडे

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील अझ्टेक व माया या संस्कृतींचे नाव निघाले की नरबळी, सोने, अरण्यात दडलेले पिरॅमिड आणि जगबुडीची भाकिते एवढेच बहुतेकांना आठवते. २१ डिसेंबर २०१२ रोजी जगाचा अंत होणार, अशी आवई माया कालगणनेचा हवाला देऊन उठविण्यात आली होती. प्रत्यक्षात त्या दिवशी तेरावे ‘बाकतुन’, म्हणजे सुमारे ३९४ वर्षांचे एक आवर्तन, पूर्ण झाले आणि पुढचे सुरू झाले. या दोन्ही संस्कृतींभोवती गूढतेचे जे वलय निर्माण झाले, त्याला त्यांच्याविषयीचे अज्ञान जितके कारणीभूत आहे, तितकाच त्यांचा इतिहास जाणीवपूर्वक पुसण्याचा प्रयत्नही कारणीभूत आहे. गेल्या सव्वादोनशे वर्षांतील पुरातत्त्वीय शोधांनी हा पुसलेला इतिहास टप्प्याटप्प्याने परत मिळवून दिला आहे.

या दोन संस्कृतींची नेहमी गल्लत केली जाते. माया लोकांची वस्ती आजचा दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास व एल साल्वादोरचा काही भाग या प्रदेशात पसरली होती. इसवी सन २५० ते ९०० हा त्यांचा वैभवाचा काळ मानला जातो. त्यांचे एकछत्री साम्राज्य कधीच नव्हते. परस्परांशी सोयरीक आणि युद्ध दोन्ही करणारी अनेक नगरराज्ये होती. अझ्टेक त्यामानाने अलीकडचे. परंपरेनुसार त्यांनी १३२५ मध्ये मेक्सिकोच्या खोऱ्यातील एका सरोवरातील बेटावर तेनोच्तित्लान ही राजधानी वसविली आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी ती एर्नान कोर्तेसच्या नेतृत्वाखालील स्पॅनिश फौज व तिला मिळालेल्या स्थानिक मित्रसैन्यापुढे पडली. त्या वेळी दक्षिणेकडील मोठी माया नगरे ओस पडून सहाशेहून अधिक वर्षे लोटली होती.

चौकाखालची राजधानी

विजेत्यांनी तेनोच्तित्लानमधील मंदिरे पाडली आणि त्यांच्याच दगडांतून नवे शहर उभारले. आजची मेक्सिको सिटी ती हीच. त्यामुळे अझ्टेकांचा शोध अरण्यात नव्हे, तर गजबजलेल्या शहराच्या पोटात घ्यावा लागला. १७९० मध्ये शहरातील मुख्य चौकाच्या सपाटीकरणाचे काम सुरू असताना १३ ऑगस्ट रोजी, म्हणजे राजधानी पडल्याच्या दिवशीच, अडीच मीटरहून उंच अशी एक अजस्र पाषाणमूर्ती वर आली. सर्पांचे वस्त्र ल्यालेली ही देवी कोआत्लिकुए. त्याच वर्षी १७ डिसेंबर रोजी सुमारे साडेतीन मीटर व्यासाची आणि चोवीस टन वजनाची ‘सूर्यशिला’ सापडली. दोन्ही शिल्पांचा सविस्तर अभ्यास आंतोनियो दे लेओन इ गामा या विद्वानाने १७९२ मध्ये प्रसिद्ध केला. मेक्सिकोतील पुरातत्त्वविद्येचा आरंभ अनेकदा येथूनच मोजला जातो.

दोन्ही शिल्पांच्या वाट्याला मात्र वेगवेगळे भाग्य आले. सूर्यशिला कॅथेड्रलच्या भिंतीला लावून ठेवण्यात आली. कोआत्लिकुएची मूर्ती विद्यापीठात हलविण्यात आली. पण स्थानिक आदिवासी तिच्यापुढे मेणबत्त्या लावून पूजा करू लागताच विद्यापीठाने ती पुन्हा जमिनीत पुरली. जर्मन संशोधक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या आग्रहाखातर ती उकरून काढण्यात आली आणि त्यांचे पाहणे होताच परत गाडली गेली. अडीचशे वर्षांपूर्वी पराभूत झालेल्या एका देवीचा तत्कालीन राजवटीला वाटणारा धाक यातून स्पष्ट दिसतो. आज दोन्ही शिल्पे मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहेत.

महामंदिराचा शोध

अझ्टेकांच्या मुख्य मंदिराचे मोठे उत्खनन १९७८ मध्ये एका अनपेक्षित शोधातून सुरू झाले. २१ फेब्रुवारीच्या पहाटे कॅथेड्रलच्या मागील बाजूस वीज कंपनीचे कामगार तारा टाकण्यासाठी खोदत असताना त्यांना कोरीव दगड लागला. सव्वातीन मीटर व्यासाच्या या चकतीवर कोयोल्शाउकी या चंद्रदेवतेचा छिन्नविच्छिन्न देह कोरलेला होता. पुराणकथेनुसार आईवर चाल करून आलेल्या या बहिणीला युद्धदेव हुइत्झिलोपोच्त्लीने ठार मारले आणि सर्पपर्वतावरून खाली ढकलले. तिची शिला मंदिराच्या जिन्याच्या पायथ्याशी मिळाली. माथ्यावर विजयी भावाचे देवालय, पायथ्याशी पराभूत बहीण. म्हणजे अझ्टेकांनी आपली पुराणकथाच दगडात बांधून काढली होती.

पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली त्यानंतर झालेल्या उत्खननात महामंदिराच्या बांधकामाचे सात टप्पे उघड झाले. जुन्या मंदिराला तसेच पोटात घेऊन त्यावर नवे, अधिक मोठे मंदिर बांधण्याची रीत होती. स्पॅनिशांनी वरचे मंदिर नष्ट केले, पण आतील मंदिरे त्यामुळेच वाचली. माथ्यावर युद्धदेव हुइत्झिलोपोच्त्ली आणि पर्जन्यदेव त्लालोक यांची जुळी देवालये होती. युद्धातून येणारी खंडणी आणि पावसातून येणारे पीक, असे राज्याचे दोन आधारस्तंभ त्यांतून सूचित होतात. चौथऱ्यांत पुरलेल्या अर्पणांमध्ये समुद्रातील शंख, प्रवाळ, मगरी आणि जग्वारांचे अवशेष मिळाले. ही राजधानी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आणि दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर होती, हे लक्षात घेता साम्राज्याचा पसारा ध्यानात येतो.

ऑक्टोबर २००६ मध्ये याच परिसरात भूमिदेवता त्लाल्तेकुत्लीची सुमारे बारा टन वजनाची शिला सापडली. तिच्यावर कोरलेले ‘दहा ससा’ हे वर्ष म्हणजे १५०२, सम्राट आहुइत्सोत्लच्या मृत्यूचे वर्ष. त्यामुळे राजसमाधीची आशा निर्माण झाली. लेओनार्दो लोपेस लुहान यांच्या पथकाला तेथे विपुल अर्पणे मिळाली. तथापि एकाही अझ्टेक सम्राटाची समाधी आजवर निश्चितपणे हाती लागलेली नाही.

२०१५ मधील शोध अधिक अस्वस्थ करणारा ठरला. बळींच्या कवट्या रचलेल्या मनोऱ्यांची स्पॅनिश सैनिकांनी केलेली वर्णने अतिरंजित असावीत, असे अनेक अभ्यासकांना वाटत होते. ग्वाटेमाला रस्त्यावरील एका जुन्या इमारतीखाली चुन्यात बसविलेल्या कवट्यांचा सुमारे पाच मीटर व्यासाचा मनोरा प्रत्यक्षच सापडला. २०२० पर्यंत तेथील कवट्यांची संख्या ६०३ वर गेली. त्यांत स्त्रिया आणि मुलांच्याही कवट्या होत्या. बळी केवळ युद्धात पकडलेल्या योद्ध्यांचे दिले जात, हा समज त्यामुळे बदलावा लागला. पुरातत्त्वाने या संस्कृतीवरील सारेच आरोप खोडून काढले असे नाही. काही आरोपांना पुरावाही दिला.

अरण्यातील नगरे आणि चिकूचे झाड

माया नगरांची ओळख जगाला झाली ती १८३९ मध्ये निघालेल्या एका प्रवासामुळे. अमेरिकन वकील जॉन लॉइड स्टीफन्स आणि इंग्रज चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड यांनी कोपान, पालेंके, उश्माल आदी स्थळे पाहिली. स्टीफन्स यांचे वर्णन आणि कॅथरवुड यांची काटेकोर चित्रे यांमुळे १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ गाजला. ही नगरे इजिप्शियन किंवा अन्य परकीयांनी नव्हे, तर त्याच भूमीतील लोकांच्या पूर्वजांनी उभारली, हे स्टीफन्स यांनी ठामपणे मांडले. त्या काळी हा विचार धाडसी होता.

पुढील काळात अनेक स्थळांपर्यंत वाट दाखविली ती चिक गोळा करणाऱ्यांनी. डहाणू-घोलवडच्या वाड्यांमुळे महाराष्ट्राला सुपरिचित असलेले चिकूचे झाड मूळचे याच प्रदेशातले. त्याचा चिक च्युइंगगमसाठी वापरला जाई. तो गोळा करणारे मजूर अरण्यात खोलवर जात आणि भग्न वास्तूंच्या वार्ता घेऊन येत. कालाकमुल या महानगराचे अवशेष १९३१ मध्ये विमानातून हेरणारे सायरस लंडेल हेही अशाच एका चिक कंपनीत काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. चिकूचे लाकूड इतके टिकाऊ की, तिकालच्या मंदिरांतील या लाकडाच्या कोरीव तुळया बाराशेहून अधिक वर्षे शाबूत राहिल्या.

पाकालची समाधी

माया पिरॅमिड म्हणजे केवळ मंदिराचा उंच चौथरा, असे १९५२ पर्यंत मानले जाई. पालेंके येथील ‘शिलालेखांच्या मंदिरा’त काम करणारे मेक्सिकन पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस यांच्या दृष्टीस १९४९ मध्ये जमिनीतील एका फरशीला असलेली भोके पडली. ती फरशी उचलल्यावर खाली दगडमातीने बुजविलेला जिना दिसला. तो मोकळा करण्यास चार हंगाम लागले. १५ जून १९५२ रोजी रुस तळाच्या दालनात पोहोचले. कोरीव झाकणाच्या प्रचंड दगडी शवपेटीत हिरव्या जेडच्या मुखवट्यासह एक सांगाडा होता. हा राजा किनिच जनाब पाकाल. इसवी सन ६१५ मध्ये वयाच्या बाराव्या वर्षी तो गादीवर बसला आणि ६८३ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी मरण पावला. झाकणावरील शिल्पात काहींनी पुढे ‘अंतराळवीर’ शोधला. वास्तविक तो मृत्यूनंतर पाताळातून पुनर्जन्माकडे जाणारा राजा आहे, असे अभ्यासक सांगतात.

दगड बोलू लागले

हे नाव आणि या तारखा आज सांगता येतात, याचे श्रेय लिपिवाचनाला आहे. १२ जुलै १५६२ रोजी मानी या गावी दिएगो दे लांदा या धर्मगुरूने माया लोकांच्या मूर्ती आणि पोथ्या जाळल्या. आज केवळ चार माया पोथ्या ज्ञात आहेत. त्यांपैकी चौथीच्या अस्सलतेवर २०१८ मध्ये शिक्कामोर्तब झाले. दैवदुर्विलास असा की, त्याच लांदाने टिपून ठेवलेली तथाकथित माया वर्णमाला पुढे लिपीच्या उलगड्याची किल्ली ठरली.

प्रथम वाचले गेले ते आकडे. जर्मनीतील ड्रेस्डेनचे ग्रंथपाल एर्न्स्ट फर्स्टेमान यांनी तेथील पोथीवरून माया लोकांची वीस या आधाराची अंकपद्धती आणि शुक्राच्या भ्रमणाचे कोष्टक उलगडले. शून्याचे चिन्हही या लोकांनी स्वतंत्रपणे योजले होते. १९५२ मध्ये लेनिनग्राडचे युरी क्नोरोझोव यांनी ही लिपी बऱ्याच अंशी अक्षरांच्या उच्चारांवर आधारलेली असल्याचे दाखवून दिले. मायाविद्येतील तत्कालीन अधिकारी पुरुष एरिक थॉम्पसन यांनी या मताला अखेरपर्यंत कडाडून विरोध केला. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी पिएद्रास नेग्रास येथील स्तंभांवरील तारखांचा मेळ घालून, त्या राजांच्या जन्माच्या व राज्यारोहणाच्या आहेत, हे सिद्ध केले. ग्रहताऱ्यांचे ध्यान करणारे शांतताप्रिय पुरोहित ही माया लोकांची प्रतिमा तेथेच ढासळली. त्यांच्या जागी नावागावाचे, युद्धे करणारे, वंशाचा अभिमान मिरविणारे राजे उभे राहिले.

राखेखालचे गाव

राजे-महाराजांच्या पलीकडे सामान्य माणसे कशी जगत होती? याचे उत्तर एल साल्वादोरमधील होया दे सेरेन येथे मिळाले. १९७६ मध्ये धान्याची कोठारे उभारण्यासाठी बुलडोझर चालविताना तेथे मातीचे घर लागले. पेसन शीट्स यांनी १९७८ पासून संशोधन केले, तेव्हा ज्वालामुखीच्या राखेखाली कित्येक मीटर खोल एक संपूर्ण गाव असल्याचे निष्पन्न झाले. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या उद्रेकात ते गाडले गेले होते. मक्याची शेते, घेवड्याने भरलेली मडकी, वाफेच्या स्नानाचे घर आणि कसाव्याचे वाफे जसेच्या तसे होते. रात्रीचे जेवण झाले होते, पण भांडी घासायची राहिली होती, असा निष्कर्ष शीट्स यांनी काढला. गावात मृतदेह मिळाले नाहीत. लोकांना पळून जाण्यास वेळ मिळाला असावा.

लेसरची दृष्टी

विमानातून लेसर किरण सोडून झाडीखालच्या जमिनीचा नकाशा काढणाऱ्या ‘लायडार’ तंत्राने अलीकडे या संशोधनाचा वेग पालटला. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत उत्तर ग्वाटेमालातील दोन हजारांहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्रात साठ हजारांवर बांधकामे आढळली. वैभवकाळाच्या उत्तरार्धात माया सखल प्रदेशात सत्तर लाख ते एक कोटी दहा लाख लोक राहत असावेत, असा अंदाज त्यावरून बांधण्यात आला. २०२० मध्ये मेक्सिकोतील आग्वादा फेनिक्स येथे १.४ किलोमीटर लांबीचा, इसवी सनापूर्वी १००० ते ८०० या काळातील चौथरा प्रकाशात आला. २०२४ मध्ये तर कांपेचे राज्यातील ‘व्हॅलेरियाना’ हे नगर, पूर्वी वनसंपत्तीच्या अभ्यासासाठी झालेल्या पाहणीची जुनी माहिती पुन्हा तपासताना मिळाले.

लोप नव्हे, स्थित्यंतर

नवव्या शतकात दक्षिणेकडील नगरे ओस पडली त्याला दीर्घ अवर्षणे, सततची युद्धे आणि राजसत्तेवरील उडालेला विश्वास अशी अनेक कारणे सांगितली जातात. पण माया ‘अचानक नाहीसे’ झाले, हे खरे नाही. उत्तरेत चिचेन इत्सा आणि नंतर मायापान ही नगरे भरभराटीस आली. नोहपेतेन हे शेवटचे स्वतंत्र माया राज्य १६९७ मध्ये, म्हणजे तेनोच्तित्लान पडल्यावर पावणेदोनशे वर्षांनी, स्पॅनिशांच्या ताब्यात गेले. माया भाषा बोलणारे लाखो लोक आज आहेत आणि एकट्या ग्वाटेमालात वीसहून अधिक माया भाषा बोलल्या जातात. अझ्टेकांची नाहुआत्ल भाषाही जिवंत आहे. टोमॅटो आणि चॉकलेट हे शब्द तिनेच जगाला दिले.

म्हणूनच या शोधांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. मोक्तेसुमाचा मानला जाणारा पिसांचा मुकुट व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे आणि मेक्सिकोची तो परत मिळविण्याची मागणी जुनी आहे. चिचेन इत्साच्या पवित्र विहिरीतून विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या वस्तू हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात गेल्या. काहीच परत आल्या. चोरट्या बाजारासाठी करवतीने कापलेल्या शिलास्तंभांचा मूळ संदर्भ तर कायमचा हरपतो. स्तंभ कोठून आला हे ठाऊक नसेल, तर त्यावरचा राजा कोणत्या नगराचा हेही अनेकदा सांगता येत नाही.

या साऱ्यात एक घडामोड आश्वासक आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून लिंडा शील, निकोलाय ग्रुबे आदी लिपितज्ज्ञांनी माया भाषकांसाठी कार्यशाळा घेण्यास सुरुवात केली. मानी येथे पोथ्या जळाल्यानंतर सुमारे सव्वाचारशे वर्षांनी त्या लोकांचे वंशज आपल्या पूर्वजांची अक्षरे पुन्हा गिरवू व वाचू लागले.