गुरे राखणाऱ्यांची नावे

मराठीत जनावरे राखणाऱ्या माणसाला एकच नाव नाही. गावाची गुरे रानात नेतो तो गुराखी, दुभती जनावरे पाळून दूध घालतो तो गवळी, मेंढरांमागे रानोमाळ हिंडतो तो धनगर. वडोदऱ्याच्या मांजलपुरात मराठी घरी ज्याला गुराखी म्हणतात, त्याला गुजराती शेजारी ‘गोवाळ’ म्हणतो. संस्कृत ‘गोपाल’ शब्दाचेच ते रूप होय.

जुन्या इंग्रजीतही हीच रीत होती. ‘हर्ड’ म्हणजे राखणदार. त्याच्या आधी जनावराचे नाव जोडले, की मेंढ्यांचा ‘शेपर्ड’, वासरांचा ‘कॅल्व्हर्ट’, गाईंचा ‘कावर्ड’ अशी नावे सिद्ध होत. पुढे धंदा सुटला, पण नावे आडनावे होऊन राहिली. कावर्ड कुळातील माणसास मात्र कोणी भित्रा समजू नये. भ्याड या अर्थाचा तसाच शब्द फ्रेंचमधून, शेपटीच्या नावावरून आलेला आहे.

वडोदऱ्याच्या राजघराण्याच्या नावातही गाय आहे. कसायाकडे चाललेल्या गाई नंदाजी नावाच्या पूर्वजाने कवाडातून आत घेऊन वाचविल्या, म्हणून घराणे ‘गायकवाड’ झाले, अशी परंपरागत कथा आहे. 1875 मध्ये कवळाण्याच्या शेतकरी घरातून या गादीवर दत्तक आलेल्या मुलाचे नावही गोपाळराव होते. तेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून विख्यात झाले.

परंतु अशा नावाचे भाग्य सर्वत्र सारखे नाही. विदर्भात गाई राखणारा समाज ‘गोवारी’ म्हणून ओळखला जातो. अनुसूचित जमातींच्या यादीत शब्द होता ‘गोंड गोवारी’. त्या सवलती आपणांसही मिळाव्यात, यासाठी 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात विधानभवनावर या समाजाचा मोर्चा गेला. तेथे झालेल्या चेंगराचेंगरीत 114 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ होती. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला.

गाईवरून पडलेले नाव एका घराण्याच्या बिरुदासारखे मिरविले गेले, तर तशाच दुसऱ्या नावामागे एक शब्द आहे की नाही, यावर सबंध समाजाचे हक्क अडून राहिले. शब्दांची व्युत्पत्ती शोधणे हा केवळ पंडितांचा विरंगुळा नव्हे, हे नागपूरच्या त्या दिवसाने दाखविले.